घरातली तिसरी बंदूक : पॉइंट टू-टू रायफलीच्या परवान्याचे सोळा महिने

४ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी माझ्या शस्त्र परवान्यावर रायफलीचा क्रमांक चढला, त्यावर शिक्का बसला आणि जून २०२३ मध्ये सुरू केलेले काम कागदोपत्री पूर्ण झाले. या सोळा महिन्यांत मला माहिती देणारे पुष्कळ भेटले. मात्र त्यांतल्या बहुतेकांचे पहिले वाक्य ‘आमच्या ओळखीचे एक साहेब आहेत’ असे असे. ओळख न लावताही हे काम होते, फक्त कोणता कागद कशासाठी लागतो ते आधी ठाऊक असावे लागते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची शेती आणि वस्ती उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या बाजूला आहे. द्राक्षबाग, थोडी ज्वारी आणि विहिरीच्या पाण्यावर येईल तेवढा ऊस. घरात दोन बंदुका आधीपासून आहेत. पहिली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) दुनळी, जी सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, त्यांच्या वडिलांकडून आली. दुसरी तीनशे पंधरा बोअरची रायफल. तीही पूर्वी आप्पांच्याच परवान्यावर होती. पण शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाची सत्तर वर्षे पूर्ण झाली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की त्याला हयातीतच वारस नेमून शस्त्र त्याच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. त्यानुसार ती आता माझ्या मोठ्या दिरांच्या, म्हणजे भाऊजींच्या परवान्यावर आहे. खंडेनवमीला दोन्ही पाटावर मांडल्या जातात, त्यांना हळदकुंकू लागते आणि वर्षातले उरलेले दिवस त्या कपाटात असतात. मी त्यांना हात लावत नसे, आणि परवाना माझ्या नावावर नसल्यामुळे लावणे योग्यही नव्हते.

माझा या विषयाशी संबंध आला तो मुलीमुळे. ती सातवीत असताना शहरात एअर रायफलच्या वर्गाला जाऊ लागली. तिला सोडायचे आणि दोन तास बाहेर बाकावर बसायचे, असे दोन महिने केल्यावर प्रशिक्षकच म्हणाले, “ताई, बसण्यापेक्षा तुम्हीही उभ्या राहा की.” मी उभी राहिले. ०.१७७ इंच बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे त्या टप्प्यावर कोणत्याही कार्यालयाची पायरी चढावी लागली नाही. दीड वर्षाने दहा मीटरवरचे माझे गुण स्थिर झाले आणि पन्नास मीटरचा विचार मनात आला. त्या अंतराला पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची रायफल लागते, आणि तिला परवाना लागतो.

घरात हे सांगितल्यावर विरोध झाला नाही, पण कोणाला त्याचे प्रयोजनही कळले नाही. “दोन आहेत की, त्यातली एक घे,” असे आप्पा अगदी सहज म्हणाले. इथे मला थोडे समजावून सांगावे लागले, आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरीही ते सांगावे लागेल असे वाटते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीइतक्या व्यासाची नळी. ती आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून छरे एकत्र सुटून पसरतात, त्यामुळे पन्नास मीटरवरच्या कागदाच्या लहानशा वर्तुळासाठी ती कामाची नाही. तीनशे पंधरा म्हणजे ०.३१५ इंच, सुमारे आठ मिलिमीटर. इंग्रजांच्या काळात लष्करी वापराची काडतुसे सामान्य माणसाच्या हाती जाऊ नयेत म्हणून तीनशे तीनसारखे बोअर बंद ठेवले गेले, आजही ते प्रतिबंधित आहे, आणि खासगी वापरासाठी हे वेगळे माप रुळले. तिचा धक्का मोठा, आवाज मोठा आणि काडतूस महाग. पॉइंट टू-टूची गोळी जेमतेम ५.६ मिलिमीटरची असते, धक्का जवळजवळ नसतो, आणि मला हवी होती ती रायफल लांबीला आखूड व वजनाला हलकी, माझ्या बांध्याला आटोपशीर अशी होती. भाऊजींची रायफल दस्त्यासह खांद्याला लावून पाहायची म्हटली तरी माझी मान ताणली जाईल, हे तिच्याकडे नुसते पाहूनही समजत होते.

दुसरी शंका गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी काढली. त्यांच्या मते २०१९ नंतर घरात दोनच बंदुका चालतात, तिसरी मिळणारच नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कमाल शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली हे खरे, त्याच वेळी परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली हेही खरे. पण ही मर्यादा माणशी आहे, घरटी नाही. शिवाय केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी जी पॉइंट टू-टू वापरतो, तिला ही मर्यादाच लागू होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ३ वाचले की हे स्पष्ट होते. कलम १३ त्याहूनही महत्त्वाचे आहे, आणि ते न वाचता अर्ज केल्यामुळेच माझे पहिले तीन महिने वाया गेले.

तो पहिला अर्ज मी १२ जून २०२३ रोजी शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर, नमुना ए-१ मध्ये भरला. त्यात शस्त्र कशासाठी हवे, असा प्रश्न असतो. मी भाबडेपणाने दोन कारणे लिहिली : नेमबाजीचा सराव, आणि पीक संरक्षण. दोन कारणे दिली की अर्ज भक्कम होतो, असे मला वाटले होते. शिवाय माझ्या आधार कार्डावर मुलीच्या शाळेसाठी शहरात घेतलेल्या भाड्याच्या घराचा पत्ता होता आणि अर्जात वस्तीचा. सोलापूर शहराच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे, तर ग्रामीण भागात तो जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यामुळे मी नक्की कोणाची अर्जदार, असा रास्त प्रश्न निर्माण झाला.

तो आषाढीचा महिना होता. एकादशी २९ जूनला होती आणि जिल्ह्यातले बरेचसे पोलीस पंढरपूरच्या बंदोबस्तात होते. सोलापूर जिल्ह्यात पोलीस पडताळणीचे कोणतेही काम असेल तर आषाढीच्या आधीचा व नंतरचा आठवडा, गणपती, नवरात्र आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा एवढे दिवस हिशेबातून वजा करावेत. यात दोष कोणाचाच नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि तो उगाच चिडतो.

३ ऑगस्टला त्रुटीचे पत्र आले. पत्ता आणि प्रयोजन, अशा दोन त्रुटी होत्या. पत्र घेऊन मी आमच्या रायफल क्लबच्या सचिवांकडे गेले, तेव्हा त्यांनी कलम १३ चे पोटकलम ३ उघडून समोर ठेवले. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल हवी असेल, तर कलम १४ मधली नकाराची कारणे लागू होत नसल्यास परवाना द्यावा, असे तिथे म्हटले आहे. पीक संरक्षणासाठी त्याच कलमात तोंडाने ठासायच्या बंदुकीचा उल्लेख आहे, रायफलीचा नाही. म्हणजे ‘पीक संरक्षण’ हे दोन शब्द लिहून मी सरळ रस्ता सोडून स्वतःहून आडरानात शिरले होते. तुमचे कारण जे खरे आहे ते एकच आणि नेमके लिहा, एवढी एक गोष्ट जरी या लेखातून कोणी उचलली तरी त्याचे तीन महिने वाचतील.

ऑगस्टभर कागद गोळा केले. आधारवरचा पत्ता बदलला, क्लबकडून सदस्यत्वाचे आणि सरावाच्या नोंदीचे पत्र घेतले, शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पूर्ण केले. वैद्यकीय प्रमाणपत्रात शारीरिक व मानसिक आरोग्याबरोबरच अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी नाही, असा स्पष्ट उल्लेख लागतो. नेहमीच्या ‘फिट’ दाखल्यावर ते वाक्य नसते, म्हणून डॉक्टरांना नमुना आधीच दाखवावा. मला त्या एका वाक्यासाठी दुसऱ्यांदा रांगेत उभे राहावे लागले. शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्रही द्यावे लागते. शपथपत्रासाठी मी शंभर रुपयांचा मुद्रांक घेतला, तो खर्च टाळता आला असता, कारण शासकीय कार्यालयात सादर करायच्या शपथपत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. हे मला मुद्रांक विकणाऱ्याने सांगितले नाही, हे समजण्यासारखे आहे.

४ सप्टेंबरला नवा अर्ज गेला. सरकारी शुल्क ग्रास प्रणालीवर ऑनलाइन भरता येते. चलनाच्या तीन प्रती काढून ठेवाव्यात, कारण मूळ प्रत फाइलला लागली की पुढच्या टेबलावर पुन्हा चलन मागितले जाते. अर्जातच शस्त्र बाळगण्याचे क्षेत्र विचारलेले असते. तिथे मी संपूर्ण महाराष्ट्र लिहिले, कारण स्पर्धांसाठी पुण्याला, बालेवाडीच्या रेंजवर जावे लागेल. केवळ जिल्हा लिहिला असता तर नंतर क्षेत्र वाढवून घेण्याचा वेगळा खटाटोप झाला असता.

पोलीस १७ ऑक्टोबरला वस्तीवर आले, तेव्हा नवरात्र सुरू होऊन तिसरा दिवस होता. नियमाप्रमाणे पोलीस अहवाल तीस दिवसांत जायला हवा आणि अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात माझा अहवाल २० नोव्हेंबरला गेला. आलेले हवालदार सौम्य होते. त्यांनी कपाट पाहिले, शेजारच्या दोन वस्त्यांवर चौकशी केली, पोलीस पाटलांचा जबाब घेतला. मात्र पहिले सर्व प्रश्न त्यांनी माझ्या यजमानांना विचारले. रायफल कोणासाठी, कशाला, कुठे ठेवणार. यजमानांनी दर वेळी माझ्याकडे बोट दाखवले. चौथ्या प्रश्नाला हवालदार स्वतःच हसले आणि खुर्ची माझ्या बाजूला वळवून बसले. नंतर वाटेतल्या एका कार्यालयात मात्र “बाईंच्या नावावर घेताय, वापरणार कोण?” असे दोनदा विचारले गेले. मी उत्तर म्हणून मुलीच्या व माझ्या गुणपत्रिका पुढे केल्या. त्या मी तेव्हापासून फाइलच्या अगदी वर लावून ठेवते.

त्यानंतर आला तो टप्पा, ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती. नान्नजला माळढोक पक्षी अभयारण्य आहे. १९७९ मध्ये ते झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर इतके अवाढव्य होते, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपल्या शस्त्रांची वन विभागाकडे नोंद करायची असते, आणि तेवढ्या अंतरात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आमची वस्ती सरळ रेषेत मोजली तर दहा किलोमीटरच्या आत येते. रस्त्याने ती बारा भरते, आणि मी तोच आकडा घेऊन वाद घालायला निघाले होते. नशिबाने नकाशा काढून देणाऱ्या मुलाने मला थांबवले.

संमतीचा प्रस्ताव नागपूरपर्यंत जातो. सोबत गट क्रमांकासह नकाशा, सातबारा, अंतराचा दाखला आणि रायफलीचा उपयोग केवळ रेंजवर करण्याचे माझे लेखी निवेदन दिले. हे निवेदन लिहिताना मी थोडी थबकले. रानडुकरे आमच्या मक्यात दरवर्षी शिरतात, आणि घरात तिसरी बंदूक आल्यावर कधी तरी कोणी तरी “तुझी ती छोटी घे की” म्हणणार, हे मला दिसत होते. म्हणून त्या संध्याकाळी जेवताना मी सर्वांसमोर निवेदन वाचून दाखवले. ज्या माळावर काळवीट आणि लांडगे अजून फिरतात, जिथे माळढोकासाठी लोक दुर्बिणी लावून बसत आले, तिथे सरावाच्या परवान्यावरची रायफल घेऊन रात्री बाहेर पडणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय पॉइंट टू-टूची गोळी लहान असली तरी सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आमच्या दोन शेतांपलीकडे शाळा आहे. भाऊजींनी मान हलवली. आप्पा काही बोलले नाहीत.

याच दरम्यान एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना माझी फाइल पाच आठवडे सापडत नव्हती. कोणत्या कार्यालयात, ते लिहीत नाही. माझ्याकडे प्रत्येक कागदाची पोच आणि जावक क्रमांक वहीत लिहिलेला होता, म्हणून ती सापडली. नुसते “मागच्या महिन्यात दिली होती” असे सांगणाऱ्याला कोणीही रॅक उपसून देत नाही. जावक क्रमांक आणि तारीख सांगितली की कारकुनालाही शोधणे सोपे जाते. संमतीचे पत्र २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पोहोचले.

१९ मार्चला मुलाखतीसाठी बोलावणे होते. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात नवे परवाने दिले जात नाहीत, त्यामुळे सर्व जागच्या जागी थांबले. सोलापूरचे मतदान ७ मे रोजी झाले, आचारसंहिता ६ जूनला उठली आणि लगेच पुन्हा आषाढी आली. त्या चार महिन्यांत मी सर्वांत अधिक कंटाळले होते. अर्ज मागे घ्यावा, एअर रायफलवरच समाधान मानावे, असेही दोन-तीनदा मनात आले. मुलीने तेवढ्यात जिल्हा स्पर्धा खेळून घेतली आणि तिच्या मागे धावण्यात ते राहून गेले.

मुलाखत अखेर २४ जुलैला झाली आणि सात-आठ मिनिटांत संपली. घरात आधीची दोन शस्त्रे असताना हे का, हा मुख्य प्रश्न होता. काडतूस वेगळे, उपयोग वेगळा, परवानाधारक वेगळा, असे मी सांगितले आणि कपाटाचे छायाचित्र दाखवले.

१ ऑगस्टला दुपारी आम्ही सर्वजण दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने, असे तिन्ही प्रकार आप्पांनी डोळे न हलवता पाहिले. शेवटी त्यांनी विचारले, “हीच का ती तुझी बंदूक?” रायफल ती नाही, तिची किंमत आणि घडण फार वेगळी आहे, पण काडतूस मात्र हेच, असे मी सांगितले. तोवर ते तिला ‘खेळण्यातली’ म्हणत असत. त्या दिवसानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

१३ ऑगस्टला परवाना हाती आला. त्यावर युनिक ओळख क्रमांक, शस्त्राचा प्रकार, क्षेत्र, आणि काडतुसांच्या दोन मर्यादा असतात : एका वेळी जवळ किती, वर्षभरात किती. तिथल्या तिथे उभे राहून प्रत्येक नोंद वाचावी. माझ्या परवान्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकले होते, ते त्याच दिवशी दुरुस्त झाले.

रायफल २८ सप्टेंबरला पुण्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली. तिची किंमत इथे देत नाही, कारण दर बदलतात. विचारताना जीएसटीसह विचारावी एवढेच सांगते. किंमत सोडून मला सुमारे अठरा हजार रुपये खर्च आला आणि त्यात प्रशिक्षण व पेट्रोल हेच मोठे आकडे आहेत. पैसे देण्यापूर्वी रायफलीवरचा क्रमांक पावतीशी ताडून पाहावा, आणि नळी साफ करण्याची सळई त्याच मापाची घ्यावी. ही सळई मी विसरले. घरात दोन बंदुकांचे साहित्य असताना आणखी काय लागणार, असे वाटले होते; बारा बोअरची सळई या नळीत शिरण्याचा प्रश्नच नव्हता आणि तीनशे पंधराचीही जाड पडली.

वेगळ्या बोअरचे शस्त्र घरात आले की अशा बारीकसारीक गोष्टी बदलतात. आप्पांना बंदूक पुसून झाली की ती रिकामी असल्याची खात्री करून चाप ओढण्याची सवय आहे. पॉइंट टू-टूमध्ये स्फोटक काडतुसाच्या कडेत असते, त्यामुळे रिकाम्या रायफलीचा चाप ओढला तर पिन नळीच्या मागच्या तोंडाच्या कडेवर आपटते आणि दोन्हीचे नुकसान होऊ शकते. ते त्यांना सांगायला मी चार दिवस धीर गोळा करत होते. त्यांनी ऐकले, आणि आता ते माझी रायफल पुसायला मागतही नाहीत. कपाटात माझ्यासाठी वेगळा कप्पा केला, काडतुसे दुसऱ्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवली, आणि दोन्हींच्या किल्ल्या माझ्याजवळ आहेत. सुरुवातीला भाऊजींना हे अविश्वासाचे वाटले असावे. परवाना ज्याच्या नावावर त्याच्याच ताब्यात शस्त्र, हे मी त्यांच्या रायफलीबाबतही पाळते, असे म्हटल्यावर विषय संपला.

४ ऑक्टोबरला रायफल दाखवून नोंद झाली. खंडेनवमीला पाटावर तीन शस्त्रे होती. तीन-चार दिवसांतच, १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्रे जमा करण्याची नोटीस आली. स्पर्धेत भाग घेणाऱ्या, राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य नेमबाजांना यातून सूट मिळू शकते. माझी अजून एकही स्पर्धा झालेली नव्हती, म्हणून मी सूट मागितली नाही. आम्ही तिघे एकाच गाडीतून पोलीस ठाण्यात गेलो आणि तीन वेगवेगळ्या पावत्या घेतल्या. जमा करताना शस्त्राची स्थिती पावतीवर लिहून घ्यावी, आणि धूळ व ओल लागू नये म्हणून नळीला हलके तेल लावून, पिशवीत घालून द्यावे.

रायफल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत मिळाली. ८ डिसेंबरला, रविवारी सकाळी, क्लबच्या रेंजवर मी पहिल्यांदा पन्नास मीटरवर पालथी पडून नेम धरला. पहिल्या पाच गोळ्या कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गेल्या, कारण नेम धरायची साइट नीट जुळवून बसवलेलीच नव्हती. पुढचा तासभर त्यातच गेला. घरी आल्यावर काडतुसांच्या वहीत तारीख घातली, वापरलेली चाळीस, शिल्लक साठ असे लिहिले, आणि मुलीकडून ती बेरीज तपासून घेतली.